जेठांचा टेलिफोन

कुडवा, ता. ३ जुलै १९४३

ती. दादांस शिवलालचा शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, असे लिहायची रीत म्हणून लिहितो. खरे म्हणजे माझे डोके फिरले आहे. मी धानाच्या रोवणीच्या बाया सांगायला दवनीवाड्याला गेलो आणि मागे तुम्ही ईश्वरदास शेठच्या गिरणीत टेलिफोन करून गोमतीला बोलावून घेतलेत. माझा माणूस येईल, बैलजोडी त्याच्या हवाली करा, असे सांगितलेत. माणूस आला, जोडी घेऊन गेला. तुम्ही मोठे, बैल तुमचेही. पण ऐन चिखलणीत? आता जू काय मी मानेवर घेऊ? जोडी लगेच पाठवा.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, बैल आले की वाढेल.

आपला
शिवलाल

नागपूर, ता. ६ जुलै

चि. शिवलाल यास अनेक आशीर्वाद.

अरे, मी टेलिफोन केलाच नाही! कुणी भामट्याने माझे नाव सांगून जोडी लांबवली. आधी पोलिसांत वर्दी दे, मग गिरणीत आणि बाजारात सगळ्यांना सांग. लाजेने गप्प बसलास तर उद्या शेजारच्या केवळरामची जोडी जाईल. दादा नागपुरात काय करतो, घरी कोण असते, हे भर बाजारात सांगत बसायची तुझी खोडही सोड. भामट्याला आणखी काय हवे?

राग येतो तो तुझ्या बायकोचा, गोमतीचा. एक प्रश्न विचारला असता तर तो पकडला गेला असता. तोंड कशाला दिले आहे देवाने?

आईची प्रकृती कळव. रागावलो म्हणून पत्र लिहायचे टाळू नकोस.

तुझा
लखनलाल

कुडवा, ता. १२ जुलै

ती. जेठजींस गोमतीचा दुरून, पदर घेऊन नमस्कार.

मी आपल्याला लिहिणे रीतीत बसत नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहिते आहे. या घरात येऊन सहा वर्षे झाली, आपण माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. अंगणात येण्याआधी आपण खाकरता आणि मी आत जाते, एवढीच आपली ओळख. त्या दिवशी टेलिफोनवर तो माणूस खाकरला नाही. मला तेव्हाच खटकले. पण जेठ म्हणवणाऱ्याला विचारायचे कसे? मी टेलिफोनसमोरही पदर ओढून उभी होते. माझ्या वतीने हो म्हटले ते गिरणीच्या मुन्नालाल मुनीमजींनी.

परवा तोच आवाज पुन्हा आला. या वेळी बैलगाडी मागत होता. मुनीमजी नको नको म्हणत होते, पण मी स्वतः विचारले की अंगणात येण्याआधी तुम्ही काय करता. त्याने टेलिफोन ठेवून दिला. गाडी वाचली. पण सगळी गिरणी ऐकत होती. सासूबाई विचारून राहिल्या की जेठाचे नाव सांगणाऱ्याला काऊन टोकले, घराची लाज काऊन घालवली. बैल गेले त्याहून त्यांना याचा राग जास्त. माझ्या वडिलांना निरोप गेला आहे, रविवारी न्यायला येतील. त्या बोलू लागल्या की हे शेतावर निघून जातात.

विचारले नाही म्हणून आपण रागावलात, विचारले म्हणून सासूबाई. मी करायचे तरी काय, तेवढे सांगा. मोठ्या जाऊबाईंना नमस्कार. चुकले असेल तर पोटात घाला.

आपली
गोमती

नागपूर, ता. १४ जुलै

चि. सौ. गोमती हीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागले नाही. आईला निराळे पत्र टाकले आहे: गोमती माहेरी गेली तर गिरणीतल्या टेलिफोनवर जाब विचारायला घरात उरले कोण? तुझ्या मुखदुर्बळ नवऱ्याला मी स्वतः येऊन पाहतो. शनिवारी निघतो. बैल मिळतील असे वाटत नाही. चिखलणीला केवळरामची जोडी मागून घेऊ.

या वेळी अंगणात खाकरणार नाही. गोमती, मी आलो आहे, असे म्हणेन. तू आत जाऊ नकोस, ओ दे.

आणि यापुढे टेलिफोनवर कुणीही लखनलाल म्हणून बोलला, तर विचार. मी असलो तरी विचार. मी चिडेन, माझा स्वभावच तसा आहे. पण टेलिफोन ठेवणार नाही.

तुझा जेठ
लखनलाल