ताप उतरतो तसा रागही

बाई,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुमची फार आठवण आली. कोल्हापुरातल्या एका इस्पितळात केरळहून आलेल्या नर्सना मी मराठी शिकवते. आज शब्दांच्या याद्या बाजूला ठेवल्या आणि सगळ्यांना जिन्यावर नेलं. चढायचं, उतरायचं, तोंडानंही तेच म्हणायचं. मग ताप कसा चढतो, आवाज कसा चढतो, ते हातानं दाखवायचं. एकीनं विचारलं, "मॅडम, ही नवी पद्धत का?" विद्यापीठात या पद्धतीला बोधात्मक भाषाविज्ञान असं भारदस्त नाव आहे, अंगाला जे आधी कळतं, त्यावरच शब्दांचे पुढचे अर्थ उभे राहतात म्हणे. मला मात्र गडहिंग्लजच्या शाळेच्या जिन्याखाली पदर खोचून उभ्या तुम्ही दिसलात.

आमच्या घरात कन्नड, दुकानात कन्नड. मराठी फक्त शाळेत. वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. शेवटी माझे वडील, अप्पा, मला शाळेतून काढायलाच आले. "बाई, हिला जमत न्हाय. दुकानात बसंल." तुम्ही म्हणालात, "पोरगी मुकी हाय व्हय? दिवाळीपतोर थांबा की." नंतर जिना सुरू झाला. आम्ही वर-खाली करतोय, तुम्ही खालून ओरडताय, "चढली! उतरली!" मध्येच मला थांबवून विचारता, "तुमच्या घरात औषध दिलं की ताप काय करतो गं?" मी चाचरत कन्नडमध्ये सांगते, "इळीतैति." "म्हंजे खालीच येतो की. मग निम्मं मराठी तुला येतंयच." घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवून यायची नसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या एका वाक्यावर मी आजवर पोट भरतेय.

दिवाळीच्या तोंडावर अप्पा पुन्हा आले. दुकान उघडं टाकून आलेले, त्यात तुम्ही त्यांना ताटकळत ठेवलेलं. तुम्ही मला पुढं केलंत. मी म्हटलं, "बाई, अप्पांना राग चढलाय. चहा दिला की उतरतो." हे मला कुणीच शिकवलं नव्हतं. अप्पा हसले, चहा प्याले आणि एकटेच परत गेले.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून कबूल करते. शाळेत तुम्ही बाई होता. आमच्या घरात मात्र तुमचा विषय निघाला की सगळे अव्वा म्हणायचे, आम्ही आईला म्हणतो तसं. तुमच्यासमोर मला ते कधी म्हणवलं नाही. सुरुवात अप्पांनी केली होती, त्याच संध्याकाळी.