काजळ्याच्या पायातले नाल

प्रिय दिगंबर,

धाकट्या भावाच्या नावाआधी ‘चिरंजीव’ लिहिण्याची माझ्या हाताची आयुष्यभराची सवय. आज ते लिहिता येत नाही. मुलुंडच्या तुझ्या भक्तमंडळाने येत्या शनिवारी तुझी शोकसभा ठेवली आहे आणि थोरल्या बहिणीने चार गौरवाचे शब्द लिहून आणावेत, असा निरोप धाडला आहे. गौरव करण्याजोगे काय सापडते, हे पाहायला मी काल सखाराम टांगेवाल्याच्या तबेल्यात गेले. तिथे मला त्याचा काळा घोडा काजळ्या सापडला.

तो उभा होता, एवढेच म्हणता येईल. पुढचा उजवा पाय तो जमिनीला लागू देत नव्हता. खुराला हात लावला, तर तव्यासारखा तापलेला. खुराची कड उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी तुटकी, आणि वर खिळ्यांची भोकेच भोके. हा तुझ्या ज्योतिषविद्येचा पुरावा, दिगू.

तू अडाणी असतास, तर मी गप्प बसले असते. पण आपण दोघे संस्थानच्या पागेत वाढलो. आपले वडील, अण्णा, तिथले अश्ववैद्य. आपल्याला ओट्यावर बसवून ते घोड्याचा पाय मांडीवर घेत आणि समजावीत: बाहेरचे कवच निर्जीव, खिळा त्यातच बसला पाहिजे, आतला भाग जिवंत, तिथे खिळा गेला की पू झालाच. कवच नखासारखे वरून खाली सावकाश उतरते, पुढचा खूर पुरता नवा व्हायला वर्ष लागते. म्हणून दीड-दोन महिने झाल्याखेरीज नालाला हात लावायचा नाही. हे तू माझ्यापेक्षा आधी पाठ करून दाखवले होतेस. मग कुठे गेले ते पाठांतर?

गिरण्यांचा संप लांबत गेला, तशी तुझ्या दारातली गर्दी वाढली. भांडुप-कांजूरची घरेच्या घरे रिकाम्या हातांनी बसली होती. त्यांना धीर द्यायचा सोडून तू साडेसाती दिलीस, आणि साडेसातीवर उतारा म्हणून काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी. तीही पायातून शनिवारीच उपटलेल्या नालाची. झिजून पडलेला नाल तुला चालेना. का, तर झिजून पडायची वाट पाहण्याइतका तुझ्या भक्तांना धीर नव्हता आणि तुला तर त्याहून नव्हता.

मी तेव्हा विचारले होते, “हे कुठल्या ग्रंथात आहे?”

तू हसून म्हणालास, “ताई, तू पोथ्या वाच. लोक मी वाचतो.”

वाचल्या आहेत मी पोथ्या. शनी हा न्याय करणारा देव, असे त्यांत आढळले. मुक्या जनावराच्या पायातली वस्तू ओरबाडून आणणाऱ्यावर तो प्रसन्न होतो, असे एकाही ओळीत आढळले नाही.

शनिवार आला की जुने खिळे निघत, नवे ठोकले जात. कवचात जागा उरली नाही, तेव्हा खिळे आत सरकले. घोडा लंगडू लागला. त्यावर तू काय उपाय सांगावास? चारही खुरांना रोज दुधाचा अभिषेक! आधीच तबेल्यात मूत आणि लीद, त्यात तुझे दूध. तळव्याचा मऊ भाग नासून काळा पडला, त्याला दुर्गंधी सुटली. अण्णांनी खूर कोरडा ठेवायला शिकवले, तू त्याचे पंचपात्र केलेस. यापेक्षा तू काहीच केले नसतेस, तर ती मोठी सेवा ठरली असती.

तुझे तेरावे उरकते न उरकते, तोच भांडुपच्या एक बाई दारात.

“आजी, काका गेले ते वाईटच झालं हो. पण आमच्या मिस्टरांच्या अंगठीचं काय? नाल ताजाच लागतो ना?”

“ताजा? मेथीची जुडी आहे का ती?”

“काका म्हणायचे, पडलेल्या नालात पॉवर राहत नाही.”

पॉवर! प्रत्यक्ष सूर्यपुत्राला तू वीजमंडळात चिकटवलेस, दिगू. त्या बाईचा मला राग आला नाही. तिचा नवरा घरी बसून आहे. राग आला तो तिला बोलायला शिकवणाऱ्याचा.

काल काजळ्याचा पाय पाहिला आणि तिथूनच पशुवैद्यांना बोलावून घेतले. त्यांनी तळवा थोडा कापून पू काढला, चारही नाल उतरवले. कोमट मिठाच्या पाण्याने शेकायचे, पुसून कोरडे करायचे, कोरड्या जमिनीवर ठेवायचे आणि नवे कवच उतरेपर्यंत खिळा दाखवायचा नाही. सखाराम भिंतीला टेकून ऐकत होता.

“आक्का, मला नका बोलू. रिक्षा आल्यापासून टांग्यात बसतंय कोण? शनिवारी नालाचे पैसे यायचे म्हणून याला हरभरा होता.”

“हरभरा मी पाठवीन. याला खिळा मारशील?”

“मी नाही मारणार. पण दारात दहा माणसं रडत उभी राहिली, तर किती दिवस नाही म्हणू? नायतर दुसरा काळा घोडा शोधतील. ते काकांचं ऐकतात, माझं नाही.”

त्याचे खरे होते. तुझा शब्द तुझ्याच घरातून मागे घेतला नाही, तर काजळ्याच्या पायात पुन्हा नाल ठोकला जाईल, आणि आता ठोकला तर तो उठणार नाही, असे वैद्य स्पष्ट म्हणाले.

म्हणून हे वचन देते. शनिवारी मी शोकसभेला येईन. तुझ्या तसबिरीला हार घालतील, तो घालू देईन. मग उभी राहून हेच पत्र, एक अक्षर न गाळता, अंगठ्या घातलेल्या त्या सगळ्यांसमोर वाचीन. माझ्या भावाला शास्त्र ठाऊक होते आणि तरीही त्याने खोटे सांगितले, हे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून ते ऐकतील. कोणी म्हणेल, गेलेल्या भावाची अब्रू घालवली. घालवीन. तुझे नाव आणि त्याचे खूर, यांतले एकच आता वाचणार आहे. तुला यापुढे कुठे चालत जायचे नाही. त्याला जायचे आहे.

तुझी,
ताई