कुपी ४१७-ब अर्जदाराच्या हाती न देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
जीवाणू संग्रह विभाग,
हाइमिंग रुग्णालय, ताइनान.

विषय : कुपी ४१७-ब नष्ट न करणे, तसेच ती अर्जदारास कधीही न देणे.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ३ मे, प्रजासत्ताक वर्ष ११३ (इ.स. २०२४).

महोदया,

खाली सही करणारा को चिन-फा, या संग्रहातला एकतीस वर्षे नोकरी झालेला निवृत्त तंत्रज्ञ, सविनय कळवतो की,

१. जंतू क्र. ४१७ मीच वाढवला. बशीतल्या ठिपक्याला तारेचे कडे टेकवून उचलले आणि पाच मिलिमीटरहून लांब धागा निघाला, की आपण जंतू घातक धरतो. याचा धागा पाकाच्या तारेसारखा चांगला चार बोटे आला. लिहायला लाज वाटते, पण मला कौतुकच वाटले. चिठ्ठीवरचे नाव नंतर वाचले. माझी पत्नी सु-चिन. यकृतात गळू. आठव्या दिवशी ती गेली.

२. कुप्या दोन भरल्या होत्या, अ आणि ब. त्यानंतर दर शुक्रवारी मी 'अ'मधला जंतू नव्या बशीत वाढवून धागा ओढून पाहत असे, आणि तीच नवी वाढ कुपीत परत भरत असे. वाढीतून वाढ घेऊ नये, दर वेळी मूळ कुपीकडे जावे, हे मीच एकतीस वर्षे नवख्यांना ओरडून सांगितले आहे.

३. धागा निघतो तो जंतूच्या चिकट आवरणामुळे, आणि हे आवरण त्याला फुकट पडत नाही. शरीरात लोहाची वानवा, त्यात पांढऱ्या पेशी गिळायला टपलेल्या. तेव्हा त्याचे एक जनुक हुकूम सोडते, आवरण जाड करा. माझ्या बशीत लोह आयते, वैरी कोणी नाही. ज्यांनी ते जनुकच टाकून दिले, ते हलके होऊन भराभर वाढले. एकशेचार शुक्रवारांनंतर धागा निघेना. सु-चिन म्हणायची, "जंतूंना बरं वेळच्या वेळी वाढता! मला कधी विचारलंत, जेवलीस का म्हणून?" नव्हते विचारले.

४. आपल्या सहायक लो बाई म्हणाल्या, "को काका, ते आता नुसतं पाणी हो. पाणी कशाला गोठवून ठेवायचं?" 'अ'पुरते खरे आहे, ती खुशाल फेकावी. परंतु 'अ' निकामी म्हणून न उघडलेली 'ब'ही निकामी, असे नोटिशीत धरले आहे. सु-चिनच्या अंगात राहिलेले, तिच्याशी झुंजलेले असे जगात आता तेवढेच उरले आहे.

५. फ्रीजर शहाण्यासारखा वागावा म्हणून आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यावर ठेवलेल्या खाऊच्या हिरव्या पाकिटाची मुदत १८ जूनला संपते. ते वेळेत बदलावे. हिरवा दिवा म्हणजे यंत्र चालू, म्हणून हिरवेच; पिवळे ठेवल्यास होणाऱ्या बिघाडाला अर्जदार जबाबदार नाही.

६. येत्या शुक्रवारी माझा आणखी एक अर्ज येईल. फक्त एकदा धागा पाहतो, असे त्यात असेल. कारणे पटण्यासारखी असतील. मी समक्ष येऊन बहुधा रडेनही. तो अर्ज नामंजूर करण्यात यावा.

आपल्या नकाराच्या प्रतीक्षेत,
को चिन-फा
दि. ९ मे, वर्ष ११३

सोबत : फ्रीजरची किल्ली – १.
तिची मी गुपचूप करवून घेतलेली जोडकिल्ली – १.