कागद यायच्या आधीचे पेढे

७ सप्टेंबर, रवि.
सकाळी कॅनडाहून फोन. निषादला तिथल्या फुटबॉल टीमच्या (हातात चेंडू घेऊन पळायचा, अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल) कॅम्पला घेऊ म्हणतात. आधी या सीझनमधल्या त्याच्या खेळाचे व्हिडिओ बघणार, मग कराराचे कागद. चेंडूला हात न लावता समोरच्या धटिंगणांना अडवून धरायचं, हा आमच्या लेकाचा खेळ. त्याला कुणी विमानाचं तिकीट देईल असं वाटलं नव्हतं.
"इथे जपानमध्ये, कंपनीच्या टीममध्ये कुणाला बोलू नका," म्हणाला. मी हो म्हटलं. हे नुसते हसले.

१४ सप्टें., रवि.
यांना कुठला दम! हिगाशी-कसाईतल्या आपल्या भारतीय दुकानातून पेढे आणले आणि मॅच संपल्यावर थेट कोचच्या हातात. वर ऑफिसच्या जपानीत सगळं सांगून मोकळे. चांगली बातमी कोरड्या तोंडाने सांगतात का, म्हणे. कोचनी दोन्ही हातांनी बॉक्स घेतला, वाकून अभिनंदन केलं. 

१६ सप्टें.
कोच रागावले नाहीत, तेच वाईट. टीमसमोर पेढ्यांचे आभार मानले. म्हणाले, निषाद-सान जाणारच आहेत, तर त्यांच्या जागी आत्तापासून मोरीला खेळवू. मोरी कॉलेजातून नुकता आलेला. निषाद बेंचवर. बसलेल्याचा व्हिडिओ कोण बघणार?
हे म्हणाले, कोचना भेटून माफी मागतो. निषाद जपानीत "पुरे" म्हणाला, आणि उठून गेला.

२५ सप्टें.
घरी जेवत नाही. प्रॅक्टिसहून येताना कोन्बिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, काहीतरी खातो. वजन उतरतंय, आणि या खेळात वजन हेच भांडवल. हे दहादा विचारतात, निषाद आला का? तो आला की यांचं मोबाइलमध्ये डोकं. यांच्याशी भांड भांड भांडले. पण आनंद पोटात मावला नाही माणसाच्या, त्याला किती बोलायचं...

५ ऑक्टो., रवि.
मॅच संपत आलेली. मोरी पडला, गुडघा धरून. उठेना. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता निषादला घेतील. लिहितानाही लाज वाटते. मोरीची आई आमच्या पुढच्याच रांगेत होती. उभी राहिली, रुमाल तोंडाशी.
निषाद धावत आत गेला. "घेतलं बघ," हे हळूच म्हणाले. छान खेळला. कुणाला पुढे येऊ दिलं नाही. सगळं शूट झालं.
संध्याकाळी आपणहून बाबांशेजारी जेवायला बसला. मी मोरीचं विचारलं. ऑपरेशन करावं लागेल म्हणे. 
"आई, आजचा व्हिडिओ कॅनडाला पाठवू?"
हे माझ्याकडे बघायला लागले. तोही.