दोरी बांधलेला नारळ

२८ जुलै, सोम.
भावजी आले. चहा संपेपर्यंत हवापाणी, मग मुद्दा. नारळी पौर्णिमेला बरुआसागरच्या तळ्यात घराण्याचा नारळ यंदापासून ते सोडणार. हे होते तोवर हे सोडायचे, आता धाकटा भाऊ. म्हटलं, का? मी आहे, आमची इरा आहे. तर म्हणे, "वहिनी, बायकांनी सोडायची रीत नाही. त्यातून तुम्ही आता…"
पुढचं गिळलं. बोला ना म्हटलं, आता काय? धाकट्या जाऊबाई मान खाली घालून बशीतला चहा पीत राहिल्या. नेहमीचंच.
रीत म्हणे! पूर्वज कोकणातून झाशीत आले त्याला पिढ्या लोटल्या. त्यानंतर या घरात समुद्र पाहिलाय कोणी? मी पाहणार. आधी तिथे सोडून येते, मग पौर्णिमेला बघते मला कोण अडवतं.

३० जुलै
इरा : "आई, इतनी बारिश में? मान जाओ ना." कार्टीला भांडायला पण मराठी येत नाही. तिकिटं मात्र तिनेच काढली.
सीपरी बाजारातून नारळ आणला. दुकानदार भैया हसायला लागला. "कोंकन ले जा रही हो माताजी? वहाँ तो पेड़ पे लगता है!" लागू दे. माझा झाशीचाच जाणार.

४ ऑगस्ट, रत्नागिरी
पाऊस नुसता कोसळतोय. छत्री उलटी झाली, ती फेकून दिली. किल्ल्यावर गेलो. दीपगृह बंद, पावसामुळे वर सोडत नाहीत. पांढरा मनोरा दिसतो न दिसतो. आणि तटावरून खाली पाहिलं तर… काय लिहू. भीती वाटली. पाणी संपतच नाही. इराने माझा हात धरला.
तटावरूनच सोडणार होते, रखवालदाराने शिट्टी फुंकली. "ओ काकू, मागं या आधी!"
खाली खडकांपाशी उतरलो. एक कोळीण होड्यांवर ताडपत्री ओढत होती. "पुनव कुठं आलीय अजून?" म्हटलं, पुनवेला मला सोडू देत नाहीत. तिने माझ्याकडे बघितलं, मग नारळाकडे. "आणि ही दोरी? नारळ म्हणजे काय शेरडू हाय?"
आता तिला काय सांगणार! आमच्याकडे सुतळी बांधूनच सोडतात. बुडवायचा, ओढून घ्यायचा, घरी नारळीभात. बुंदेलखंडात पूर्वी नारळ मिळायचे कुठे? सवयीने इथेही बांधला होता.
सोडला. लाटेने असा हिसका दिला की सुतळी तळहात सोलून गेली. नारळ गेला तो गेलाच. मी ओरडले, मोठ्याने, काय ते आठवत नाही. इरा हसून हसून खडकावर बसली. ह्यांना हे दाखवायला हवं होतं. फार वाईट वाटलं.

७ ऑगस्ट, झाशी
भावजींना कळलंच. फोनवर, "हौस फिटली ना? आता पौर्णिमेला घरी बसा." म्हटलं, हौस आत्ता कुठे सुरू झालीये. "तुम्ही सोडणार असाल तर आमच्याकडचं कोणी येणार नाही." नका येऊ! ठेवला फोन.

८ ऑगस्ट, शुक्र.
नवा नारळ आणला, उद्या पौर्णिमा. इराने टॅक्सी सांगितली.
दुपारी धाकट्या जाऊबाईंचा फोन. आवाज अगदी बारीक. "ताई, गाडीत माझ्यापुरती जागा आहे का? ह्यांना सांगितलं नाहीये." म्हटलं, सकाळी ओरछा गेटपाशी उभ्या राहा, घेते. "आणि ह्यांनी तिथे बघितलं तर?" म्हटलं, बघू देत की. "नारळाला मला पण हात लावू द्याल?"
भावजी स्कूटरवरून आमच्या आधी पोचणार, आपला नारळ घेऊन, पायरी अडवून उभे राहणार. राहू देत. तळं काही लहान नाहीये.