नाल्याकडच्या तुकड्यात मेंढरं

३ डिसेंबर, मंगळवार

लिहिल्याशिवाय चैन पडायचं न्हाई.

सकाळी माझा नवरा सुदर्शन हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, तर धुक्यात नाल्याकडच्या तुकड्यात सव्वाशे मेंढरं! वीरण्णाची. बिदरकडून दरवर्षी येतो तो कळप घेऊन. सोयाबीन निघालं की त्या रिकाम्या रानात आम्हीच त्याची मेंढरं बसवतो, चार-पाच रात्री, लेंडीखतासाठी. पण औंदा बोअरला पाणी लागलं म्हणून तिथं हरभरा पेरला. वीतभर आला होता. अर्धा फस्त!

सुदर्शननं गोफण उचलली. मेंढरं हाकायला, असं म्हणतो. दगड वीरण्णाच्या कानशिलात बसला. माणूस जागेवर आडवा.

आणि खोटं कशाला लिहू – त्याला लागायच्या आधी, हरभरा बघून माझ्याही तोंडातून शिव्याच निघाल्या होत्या.

४ डिसेंबर

वीरण्णाला लातूरला नेलंय. शुद्ध न्हाई. डोक्यात रक्त साकळलंय म्हणे. त्याचे भाऊबंद औशाकडून, किल्लारीकडून आपापले कळप सोडून आलेत, गायरानात बसलेत. आमच्या गावचे गडी काठ्या घेऊन पारावर. "न विचारता घुसतात म्हणजे काय! आज हरभरा, उद्या घरात येतील!" सगळ्यांचं एकच. सुदर्शन सगळ्यात मोठ्यानं.

मामांनी त्याला हाताला धरून घरी आणला. म्हणाले, "माणूस गेला तर तू जेलात जाशील. हे बोंबलणारे न्हाई." माझ्या सासऱ्यांचा आवाज इतका बारीक कधी ऐकला न्हाई मी.

५ डिसेंबर

वीरण्णाला अजून शुद्ध न्हाई. सुदर्शनच्या पोटात दोन दिवस नुसता चहा. लेक अक्षरा विचारून राहिली, पप्पा शेतात का जाईनात. काय सांगू?

६ डिसेंबर, शुक्रवार

डोळे उघडले! उघडले!!

दुपारी दवाखान्यातून मामांचा फोन. पाणी मागितलं, आणि पहिला प्रश्न काय तर – मेंढरं मोजली का! मी स्वयंपाकघरातच बसकण मारली आन् लई रडले. सुदर्शन गोठ्यात जाऊन तोंड धुऊन आला. डोळे लालच होते.

७ डिसेंबर

पोलीस जबाब घ्यायला गेले होते. वीरण्णा म्हणाला, "पळताना पाय घसरला, दगडावर पडलो." बस, एवढंच. कितीदा विचारलं तरी एवढंच!

माणूस हाय का देव! त्याच्या शब्दावर गायरान रिकामं झालं. पारावरचे काठीवाले मुकाट घरी गेले. सुदर्शन तीन भाकरी जेवला, वर ताक पिला, आणि वाढता वाढता मलाच भूक लागली. चार दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला. उद्या दोघं लातूरला जाणार. धपाटे करून न्यायचे.

८ डिसेंबर, रविवार

सुदर्शन वीरण्णाच्या पाया पडला. तो म्हणाला, "बिड्री, मालक. जाऊ द्या."

मी त्याच्या बायकोला, निलव्वाला, घेऊन बाहेर बाकावर बसले. हलकं वाटत होतं म्हणून बोलून गेले – एक फोन करायचा होता गं, हरभरा पेरलाय म्हणून सांगितलं असतं.

ती हळूच म्हणाली, "केला होता की, ताई. मळणीच्या टायमाला. मामांचा फोन तुम्हीच उचलला. 'या की, विचारायचं काय त्यात,' असं म्हणालात तुम्ही. म्हणून तर अंधारातच सोडली मेंढरं."

मशीन चालू होतं. मी एका कानानं ऐकलं होतं. पंधरा दिवसांनी तिथंच हरभरा पेरला, मीच.

"पोलिसाला न्हाई सांगितलं," निलव्वा म्हणाली. "तुमच्या घरात भांडण नको."

सुदर्शनला गाडीतच सांगितलं. उद्या सकाळी पारावर जाऊन सांगणार हाय मी, सगळ्यांसमोर. ते घुसले नव्हते. मी बोलावलं होतं.