सकाळची ड्यूटी

४ मे १९९८

आज परत आईने घरचा फोन उचलून "कल्याण" म्हटलं. नाशिकचा मामा होता. तो म्हणे, "मंदा, मला कल्याण नकोय, तू हवीयेस." तर ही पुढे विचारते, "बोला, नंबर सांगा." मग स्वतःच हसत बसली.

अख्खं आयुष्य कल्याणच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेलंय. बोर्डासमोर बसायचं, कानाला हेडसेट, ह्या गावाची वायर त्या गावाला. आता सुपरवायझर. ह्या महिनाअखेर अठ्ठावन्न पूर्ण, रिटायर.

म्हणजे पहिल्या तारखेपासून आई दिवसभर घरात.

वाईट वाक्य आहे. खोडणार होतो. राहू दे.

५ मे

परिस्थिती अशी. घर म्हणजे एक खोली आणि किचन, डोंबिवली वेस्ट. बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. आई सातच्या ड्यूटीला जाते, दोनला सुटते. माझा क्लास दुपारनंतर, ठाण्याला माजिवड्यात — दहावीची पोरं, इंग्लिश ग्रामर. म्हणजे सकाळ पूर्ण माझी. कादंबरी जी काय होतेय ती सकाळीच.

कादंबरीत एक माणूस शीळफाट्याला ट्रकमध्ये अडकलाय. पुढे ट्रॅफिक, मागे ट्रॅफिक. एवढंच. शंभरच्या वर पानं झाली, ट्रक जागचा हललेला नाही. तोच तर फॉर्म आहे! आनंदला थोडं वाचून दाखवलं तर म्हणाला, "अरे, मग तो उतरून चालत का नाही जात?" मित्र म्हणून ठीक आहे, वाचक म्हणून शून्य.

आई घरात असली की मला लिहिता येत नाही. ती मध्येमध्ये बोलते अशातला भाग नाही. काहीच बोलत नाही. लेकरू लिहितंय म्हणून डाळसुद्धा आवाज न करता निवडते. आणि मला ते न केलेले आवाज ऐकू येत राहतात.

९ मे

रेतीबंदर रोडला विश्रामकडे गेलेलो. कॉलेजात माझ्याबरोबर होता, मोठागावच्या कोळीवाड्यातला. वर्षभर झालं एसटीडी बूथ टाकलाय, दोन केबिन, काउंटर, पंखा. मला बघून लगेच, "सकालला मानूस पायजे रे मना. आयस मासली घेऊन बाजारात बसते, तिला सोडाया जातो, तवर बूथ बंद. आन सकालीच तर गर्दी."

"मग ठेव कोणीतरी."

"तू बस ना. लेखक मानूस, काचेत बसून लिव."

मी म्हटलं, सकाळी मी बिझी असतो. तो एवढं हसला की केबिनमधल्या बाईने रिसीव्हरवर हात ठेवून बाहेर बघितलं. आता काही दिवस तिकडे जायचं नाही. परत तेच विचारेल.

घरी आईला सांगितलं. तिचा बूथवर राग आहे. पिंजरे म्हणते. "मीटर पळताना दिसतो आणि माणूस घाबरून अर्धंच बोलतो. आम्ही निदान विचारायचो तरी."

विचारायचं म्हणजे — ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येते. "तीन मिनिटं झाली. वाढवायचंय?" घरात कोणी फार लांबण लावली की आई हेच म्हणते. बाबांनाही म्हणायची. बाबा म्हणायचे, वाढवा, आणि भांडण पुढे चालू.

१४ मे

बाहेर सगळे पोखरणवर बोलतायत. वाण्याकडे, न्हाव्याकडे, जिन्यात. आमच्याकडे वेगळीच बातमी — सेंट्रलवाल्यांचं रिटायरमेंट आता साठला. महिनाअखेर जाणारेसुद्धा त्यात. आई थोडक्यात वाचली! मागच्या महिन्यात गेलेले हळहळतायत.

आणि गंमत बघ. राहायचं असेल तर काहीच करायचं नाही. जायचं असेल तरच अर्ज.

काहीच करायचं नाही. माझ्या आयुष्यात आलेली सगळ्यात सुंदर सरकारी ऑर्डर. दोन वर्षांत ट्रक शीळफाट्यावरून निघून पनवेलला पोचेल.

खाली जाऊन बालुशाही आणली. आई म्हणाली, "कशाबद्दल रे?"

"असंच."

अर्धी खाल्ली तिने. अर्धी बराच वेळ बशीत होती.

१६ मे

सरोजमावशी आलेली, फणसाचे गरे घेऊन. एक्स्चेंजमध्ये आईच्या हाताखाली, आईनंतर खुर्ची तिचीच. मावशी म्हणजे नात्यातली नाही, पण माझ्या मुंजीत करवली तीच होती.

"बरं झालं हो मंदाताई. अजून दोन वर्षं तुमचा ओरडा."

आई म्हणाली, "माझ्या सेंडऑफसाठी साडी घेऊन ठेवलेलीस ना?"

"असू दे. नेसेन दोन वर्षांनी. फॅशन जाईल, एवढंच."

मग दोघी हसल्या, आणि मग दोघींनी गऱ्यातल्या बिया मोजल्यासारख्या एका बाजूला करायला घेतल्या.

ती गेल्यावर आईने सांगितलं. ट्रंक बोर्ड वर्षभरात बंद होणार म्हणतात. सगळ्या पोरींना चौकशीला टाकणार, कम्प्यूटरपुढे. आई राहिली तर सरोज त्या खुर्चीत कधीच बसणार नाही. खुर्चीच राहणार नाही.

मी म्हटलं, "त्यात तुझा काय दोष?"

"दोष कोण म्हणतंय?"

१९ मे

आज मी आईला समजवायला बसलो. काम सोडलं की माणूस खचतो. खालचे काका बघ, सहा महिन्यांत काठी आली हातात. तुला तिथे मैत्रिणी आहेत, मान आहे, डोकं चालतं. इथे काय करणार, भिंतीकडे बघणार? फार छान बोललो. मध्ये एकदा क्लासमधल्यासारखा आवाजही खाली आणला.

आई म्हणाली, "तीन मिनिटं झाली."

मग थोड्या वेळाने, कणीक मळता मळता — "आता बोर्ड म्हणजे काय राहिलंय. सकाळभरात हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे कॉल. पोरी स्वेटर विणतात. मी बघितलं न बघितलंसं करते. डोकं कसलं चालतंय!" मग हात थांबवून, "तुला काय वाटतं? खरं सांग."

"तुझ्या मनाप्रमाणे कर."

एवढं मोठं खोटं कादंबरीतसुद्धा लिहिलेलं नाही.

२३ मे

एकही ओळ नाही. ट्रकवाल्याला तहान लागली. बस.

२५ मे

अर्ज दिला.

मला विचारलंही नाही. संध्याकाळी मी क्लासवरून आलो तर पोळ्या लाटताना सहज सांगितल्यासारखं. साहेब म्हणाले, नोटीस-बिटिसचं बघून घेऊ, ठरल्या तारखेलाच सोडू.

"सरोजला त्या खुर्चीत बसायला मिळायला हवं. बोर्ड चालू असताना. नंतर काय, कम्प्यूटरपुढे सगळ्या सारख्याच."

"आणि माझं काय?"

निघून गेलं तोंडातून. आईने वळून बघितलं. पोळी तव्यावर फुगलेली, ती तशीच राहिली.

"तुझं काय?"

म्हटलं, काही नाही. जेवलो. आता हे लिहितोय आणि ती पलीकडे चादर घडी करतेय. आवाज न करता.

२७ मे

आनंदची खोली विचारून बघितली. त्याच्याकडे गावाहून काका आलेत. वाचनालयात बसून बघितलं. शेजारचा माणूस पेपर वाचताना ओठ हलवतो. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात एका चहावर अर्धं पान झालं, मग पोऱ्या फडकं घेऊन आला. ह्या गावात एका माणसाला आणि एका वहीला जागा नाही कुठे.

३० मे

सेंडऑफ. मी गेलेलो. नाही गेलो तर चाललं नसतं.

हार, नारळ, साहेबांचं भाषण हे सगळं नेहमीचं. पण ह्यांची एक पद्धत आहे, ती मला माहीत नव्हती. जाणाऱ्या बाईच्या शेवटच्या तासाला लांबलांबची एक्स्चेंज लायनीवर येतात. एकेक करून. पुणे, सुरत, जळगाव. पंचवीस-पंचवीस वर्षं रोज बोललेल्या बाया, एकमेकींचं तोंड न बघितलेल्या. "येते हं मंदाताई." "गुडघ्याला तेल लावा." "नातवाचं नाव तुमच्यावरून कसं ठेवू, मुलगी झाली असती तर ठेवलं असतं." आई प्रत्येकीला कामाच्या आवाजात उत्तर देत होती. कामाचा आवाज वेगळा असतो तिचा. सपाट, स्वच्छ, जरा वरच्या पट्टीतला. घरी तो फक्त तीन मिनिटांना येतो.

नाशिकच्या गोदाताई आल्या तेव्हा आईने हेडसेट माझ्या हातात दिला.

"सुधीर का? सकाळचा लेखक?"

मी हो म्हटलं.

"अरे, किती वर्षं सांगतेय तिला, सिनिअर आहेस, दुपारची ड्यूटी घे. गुडघे धरलेत, पहाटेचं कशाला उठतेस? तर नाही. मुलाला सकाळी घर मोकळं लागतं म्हणे. झालं का रे तुझं पुस्तक?"

मी थँक्यू म्हटलं. थँक्यू!

आईने शेवटची कॉर्ड काढली, पदराने पुसली, जागेवर ठेवली. हेडसेट सरोजमावशीच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने बसवला, केसांत अडकला तो सोडवला. मावशीने ती साडी नेसलेली. मोरपंखी.

घरी येताना हार माझ्या हातात होता.

१ जून

उठलो तर आई आंघोळ करून तयार. डबा भरलेला.

"कुठे?"

"सरोजला चार्ज नीट समजावून द्यायचाय. चार दिवस जाईन."

दार लागलं. घर माझं. पाच पानं!

१० जून

चार दिवस कधीच संपले. आई रोज जातेच आहे. मी विचारत नाही. वाटलं, सुटत नाही तिला. माणसं रिटायर होतात, हात होत नाहीत. हे वाक्य कादंबरीत घ्यावं का?

ड्रायव्हर आता उतरलाय, टायरला लाथ मारून बघतोय. शंभर पानांनी पहिली हालचाल.

दुपारी आई येताना बोंबील घेऊन आली. एवढे ताजे, अजून चमकत होते. म्हटलं, कल्याणला कुठे मिळाले? म्हणाली, "वाटेत." तळलेले मस्त झालेले.

१७ जून

ठाण्याला गोखले रोडवर सरोजमावशी भेटली. सुट्टी होती तिची, चष्मा करायला आलेली.

"मंदाताई कशा आहेत रे? सेंडऑफनंतर एकदासुद्धा फिरकल्या नाहीत. पोरी म्हणतात, खुर्ची घेतली म्हणून रागावल्या की काय."

मी म्हटलं, "छे गं, मजेत आहे."

क्लासमध्ये अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवताना तेच डोक्यात. रोज सकाळी डबा घेऊन ही बाई जाते कुठे? देवळात बसते? बागेत? फलाटावरच्या बाकावर? गुडघे असले, आणि सात तास?

रात्री जेवताना सहज विचारलं, "सरोजमावशी काय म्हणते?"

"शिकतेय हळूहळू," आई म्हणाली. आणि मला आमटी वाढली.

१८ जून

तिच्या मागोमाग जायचं ठरवलेलं. चप्पल घातली, जिन्यापर्यंत गेलो. ती खालच्या वळणावर कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

परत आलो. कुठे जाते ते कळलं तर सकाळ जाईल.

दोन पानं लिहिली. वाईट नाहीत. हेच वाईट आहे.

१९ जून

पुण्याच्या प्रकाशकाचं कार्ड आलंय. मी पाठवलेली पहिली पन्नास पानं वाचली. सोमवारी सकाळी फोन करा म्हणतायत!

आईला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली. "ट्रक हलला का रे?" विचारते. मी तिला ट्रकबद्दल कधी सांगितलेलंच नाही. वाचते म्हणजे.

२२ जून

घरच्या फोनला एसटीडी लॉक, उघडायचा नंबर आईच्या डोक्यात, आणि आई सकाळीच गेलेली. म्हणून विश्रामच्या बूथवर गेलो. गर्दी होती. कोणाकडे न बघता रिकाम्या केबिनमध्ये शिरलो, पुणे लावलं. प्रकाशक म्हणाले, छान आहे, पण तुमचा माणूस ट्रकमधून उतरून चालत का नाही जात? मी फॉर्म समजवायला लागलो. बरंच बोललो.

काचेवर टकटक.

"तीन मिनिटं झाली. वाढवायचंय?"

काउंटरमागे, पंख्याखाली. कामाचा आवाज. डबा शेजारी.

"नको," म्हटलं. रिसीव्हर ठेवला. "चल घरी."

आई म्हणाली, "ड्यूटी दोनपर्यंत आहे. बाहेर हो, मागे लोक थांबलेत."